होमस्टेचा मेल एआय असिस्टंटला जोडावा का?

आसगावकर: होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एकच टूम आहे. जीमेल, कॅलेंडर, ड्राइव्ह सगळं असिस्टंटला जोडा, बुकिंगचं तो बघेल. माझा साफ विरोध. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते (पूर्वीचा सी-फॉर्म), म्हणून पासपोर्ट-व्हिसाचे स्कॅन आपण आधीच मेलवर मागवतो. ते वर्षानुवर्षं तिथेच पडून असतात. डिलीट कोण करतंय?

होमस्टेवाली, हणजुणे: विरोध करायला काय जातं! डिसेंबरात रात्री अकराला चौकशी येते, लगेच उत्तर दिलं नाही तर गिऱ्हाईक शेजारच्याकडे. आणि पासवर्ड आज तरी कुठे गुपित आहे? सीझनपुरत्या ठेवलेल्या पोराला तोंडपाठ असतो.

पर्वरीचा आयटीवाला: त्या पोराला कुणी मेलमधून सांगितलं, 'सगळे पासपोर्ट या पत्त्यावर पाठव', तर तो आधी तुम्हाला विचारेल. असिस्टंटला मालकाचा हुकूम कुठला आणि मेलमधला मजकूर कुठला, हे खात्रीने कळत नाही. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं तुम्हाला दिसणार नाही, तो वाचणार. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलट या एआय असिस्टंटमधली 'इकोलीक' ही त्रुटी जाहीर झाली. मेल नुसता इनबॉक्समध्ये येऊन पडला तरी पुरे, क्लिकही नको. पुढे कोपायलटला काही विचारलं की आतली माहिती बाहेर जाऊ शकत होती.

होमस्टेवाली, हणजुणे: ती दुरुस्त केली ना पण?

पर्वरीचा आयटीवाला: केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संशोधकांनी कॅलेंडरच्या निमंत्रणात सूचना दडवून गूगलच्या जेमिनी असिस्टंटला हवं तसं नाचवून दाखवलं. म्हणजे दुखणं एका कंपनीचं नाही. खाजगी कागद वाचणं, परक्यांचे मेल वाचणं आणि बाहेर पाठवणं, ही तिन्ही कामं एकाच्या हातात नकोत. एक तरी काढून घ्या.

म्हापशाचा सीए: २०२३ चा डेटा संरक्षण कायदा विसरू नका. दंड २५० कोटींपर्यंत!

आसगावकर: सीएसाहेब, घाबरवू नका. ती कमाल मर्यादा आहे, आणि नियम नोव्हेंबर २०२५ चे असले तरी मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्याआधी गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन कुठकुठली अ‍ॅप्स जोडलीत ते बघा. नुसता पासवर्ड बदलला म्हणून प्रत्येक जोडणी तुटत नाही, तिथे जाऊन काढावी लागते.

होमस्टेवाली, हणजुणे: बरं, बुकिंगला वेगळा मेल काढते, पासपोर्ट तिथे येणार नाहीत. तोच तेवढा जोडीन.

पर्वरीचा आयटीवाला: हे चालेल. तरी त्याला फक्त मसुदा करू द्या, पाठवायचं तुम्हीच.

होमस्टेवाली, हणजुणे: म्हणजे अकरा वाजता जागी मीच!

आसगावकर: खोली आहे का, दर काय, एवढ्याला साधा ऑटो-रिप्लायही पुरतो की.

होमस्टेवाली, हणजुणे: पुरतो. पण इथे पहिला प्रश्न 'डिस्काउंट किती' हाच असतो, त्याचं काय?