डी कमी म्हणून दाह, की दाह म्हणून डी कमी?

ओसरीवरून:
आईला चार वर्षांपासून संधिवात आहे, र्‍हुमॅटॉइडवाला. सकाळी बोटं इतकी आखडलेली असतात की चहाचा कप दोन तळव्यांत धरते. गेल्या महिन्यात रिपोर्ट आला, सीआरपी (दाह किती आहे ते दाखवणारा रक्तातला आकडा) ३८ आणि डी, म्हणजे ड जीवनसत्त्व, ११. डॉक्टरांनी डीची ६० हजार युनिटची गोळी आठवड्यातून एकदा लिहून दिली, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार मावशीमंडळाबद्दल आहे. "डी कमी होतं म्हणून सांधे धरले," असं निदान करून मोकळ्या झाल्या.

मला उलट वाटतं. दाहानेच आकडा पाडलाय. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर रक्त तपासून पाहिलंय, दोन दिवसांत सीआरपी चढतो आणि डी घसरतं. दोन दिवसांत काय ऊन आटलं? रक्तातलं बहुतेक डी एका प्रथिनाला चिकटून फिरतं, आणि दाहात अशी प्रथिनं स्वतःच खाली जातात. मग सुजलेल्या माणसाचा एक आकडा बघून कारण ठरवायचं कसं?

गवती चहा:
अर्धं पटलं. पण डी म्हणजे नुसता आकडा नाही हो. पेशीत त्याचा रिसेप्टर असतो, व्हीडीआर. डीचं सक्रिय रूप येऊन बसलं की तो आरएक्सआर नावाच्या जोडीदाराला घेऊन थेट डीएनएवर जातो, काही जीन चालू करतो, काही दाबतो. दाह भडकवणारी एनएफ-कप्पा-बीची साखळी त्याने मंदावते. शिवाय मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणार्‍या पेशी, सक्रिय डी स्वतःच बनवतात, मूत्रपिंडाची वाट बघत नाहीत. २००६ साली 'सायन्स'मध्ये आलं होतं, क्षयाच्या जंतूची चाहूल लागली की या पेशी व्हीडीआर वाढवतात आणि त्यातून कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक तयार होतं. शरीराने एवढी यंत्रणा उगाच का बांधली असेल?

ओसरीवरून:
यंत्रणा आहेच. पण ती आहे म्हणून गोळीने रोग टळतो असं नाही. तुमचं क्षयाचंच उदाहरण घ्या. मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांवर प्रयोग झाला, जवळपास सगळ्यांचं डी २० च्या खाली. निम्म्यांना तीन वर्षं दर आठवड्याला १४,००० युनिट दिलं. रक्तातलं डी छान वाढलं, क्षयाचा संसर्ग मात्र तेवढाच राहिला. (२०२०, 'न्यू इंग्लंड जर्नल'.) यापेक्षा चांगली संधी डीला मिळायची नाही.

गवती चहा:
मग अमेरिकेतला व्हायटल नावाचा प्रयोग का विसरता? २५,८७१ माणसं, रोज २,००० युनिट, पाच वर्षं. कर्करोग आणि हृदयविकाराच्या बाबतीत निराशा झाली, मान्य. पण स्वयंप्रतिरोधक आजार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते ते) डी घेणार्‍यांत १२३ जणांना झाले आणि न घेणार्‍यांत १५५. अभ्यासाच्या हिशेबात २२ टक्के कमी, आणि तुमच्या आईंचा संधिवात याच गटातला.

ओसरीवरून:
ते आजार नसलेल्यांना पुढे होऊ नये म्हणून. आईला झालाय. आणि गोळ्या थांबवल्यावर दोन वर्षांत तो फरकही विरला, त्याच मंडळींनी २०२४ मध्ये सांगितलं.

गवती चहा:
म्हणजे घेत असताना उपयोग होत होता, असाच अर्थ निघतो की!

ओसरीवरून:
😀 हा एक गुण तुमचा.

खारूताई:
मध्येच बोलते. ते 'सकाळचं कोवळं ऊन' बंद करा कोणीतरी. डी बनवणारी यूव्हीबी किरणं कोवळ्या उन्हात जवळपास नसतातच. सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन लागतं, आणि सावळ्या कातडीला जास्त वेळ.

नमुना क्र. ७:
लॅबमध्ये काम करतो, म्हणून एक. सार्कॉइडोसिस (शरीरात दाहाच्या गाठी होण्याचा आजार) असलेल्या रुग्णात नेहमीचं डी कमी दिसतं आणि सक्रिय डी वर असतं, कारण गाठींमधल्या पेशी ते मोकाट बनवत सुटतात. त्याला कोणी 'डी कमी' म्हणून मोठे डोस दिले तर कॅल्शियम चढतं, मूत्रपिंडावर बेततं. सर्रास नाही होत, पण आकड्याच्या मागे दाह आहे का ते बघा म्हणतात ते यासाठी.

गवती चहा:
हे माहीत नव्हतं. तरी ११ म्हणजे हाडांसाठी कमीच, आणि आई स्टेरॉइड घेत असतील तर दुप्पट काळजी. हाडांसाठी तरी गोळी हवीच.

ओसरीवरून:
हाडांसाठी हो, त्यावर भांडण नव्हतंच. सांध्यांची मेथोट्रेक्सेट चालू राहील, सीआरपी उतरला की डी पुन्हा तपासू. आईला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, "गोळी घेते, पण मावशीला कळवू नकोस, तिला वाटेल तिचंच खरं."