वॉरियर विदिनमधला प्रिन्स तुम्हाला पटतो का?

सातरस्ता_गेमर:
परवा प्रिन्स ऑफ पर्शियाच्या ह्या तीन गेममधला पहिला, सॅन्ड्स ऑफ टाईम संपवला, शेवट बघून बराच वेळ नुसता बसून होतो. लगेच दुसरा, वॉरियर विदिन टाकला आणि मूडच गेला. तिकडं राजकन्या फराहशी भांडणारा, स्वतःशीच बडबडणारा पोरगा होता, आपण पडून मेलो तर "असं नव्हतं झालं" म्हणून गोष्ट मागं नेणारा. इकडं नुसता खेकसतोय, मुंडकी उडवतोय आणि मागं गॉडस्मॅक ह्या मेटल बँडची गिटार. आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात तिन्हींत हाच भारी. कशामुळं? पुढं खेळू का सरळ तिसरा, टू थ्रोन्स घेऊ?

नवीपेठवाला:
सोडू नको बे. सात वर्षं दहाका, काळाचा रखवालदार राक्षस, त्याच्या मागं आहे, पहिल्या भागात काळाची जादूची वाळू मोकळी केली तेव्हाच खरं तर हा मरायला पाहिजे होता, म्हणून तो त्याला संपवायलाच येतोय. सात वर्षं धड झोप नाही असा माणूस गोड बोलेल का? आणि फायटिंग बघ की, दुसरं हत्यार उचल, फेकून मार, खांबाला धरून गरगर फिरत चार जणांना पाड. पहिल्यात तेच तेच दोन-तीन डाव, वर प्रत्येकाला खंजीर खुपसत बसायचं. आम्ही कॅफेत खेळायचो तेव्हा दहाका मागं लागला की खुर्चीमागं पोरं जमायची आणि "डावीकडं, डावीकडं" म्हणून बोंबलायची. पहिल्या पार्टला असं कधी झालं नाही.

जुना_राजपुत्र:
फायटिंग सुधारली हे कोण नाकारतंय. मुद्दा वेगळा आहे. पहिला गेम ही कुणीतरी कुणाला तरी सांगितलेली गोष्ट होती, आणि ती कुणाला सांगतोय हे शेवटी कळतं तेव्हा काळजात चर्र होतं, कारण फराहला काहीच आठवत नाही आणि ह्याला सगळं आठवतंय. दुसऱ्या भागाला खरं तर इथूनच सुरुवात करता आली असती. रागावलेला प्रिन्स मला चालला असता, पण त्याचा राग ह्या एकटेपणातून यायला पाहिजे होता, इथं तो हेवी मेटल आणि रक्तातून येतो. आवाज देणारा नट बदलला, वयाचं रेटिंग टीनवरून मॅच्युअरवर गेलं, शादी आणि कायलीना ह्या बाईपात्रांवर कॅमेरा कसा फिरतो ते बघून तर मला अजून चीड येते. जॉर्डन मेकनर, ज्यानं १९८९ चा मूळ गेम बनवला आणि सॅन्ड्सची गोष्ट लिहिली, तो ह्या भागात नव्हता, आणि आपल्याला ही दिशा आवडली नाही असं तो नंतर उघड बोललाय. २००३ मध्ये असा गेम द्यायचा आणि २००४ मध्ये त्याची ओळखच पुसायची, हे मला आजपण पटत नाही.

नवीपेठवाला:
दादा, मेकनरला आवडला नाही म्हणून आम्हाला आवडू नये का? आणि एकटेपणा नाही कसा म्हणता, गोष्ट घडते त्या अख्ख्या बेटावर त्याच्या बाजूनं एक माणूस नाही.

जुळेसोलापूर_पीसी:
दोघांच्या भांडणात एक गोष्ट राहिली, त्या बेटावरचा किल्ला. एकच जागा दोन काळात फिरायची, भूतकाळात हिरवी बाग, दारातून वर्तमानात आलं की तीच बाग पडझड झालेली, आणि रस्ता दोन्ही मिळून शोधायचा. ह्या एका गोष्टीसाठी मी हा गेम परत लावतो, डायलॉग मलापण नकोसे होतात.

प्रश्नकर्त्या, टू थ्रोन्सला उडी मारू नको, तो ह्याच्या खऱ्या शेवटापासून सुरू होतो. त्या शेवटासाठी नऊच्या नऊ लाईफ अपग्रेड, म्हणजे प्रिन्सची ताकद वाढवणाऱ्या लपवलेल्या गोष्टी, लागतात, त्याशिवाय वॉटर स्वोर्ड ही तलवार मिळत नाही आणि दहाकाशी शेवटची लढाईपण होत नाही. आणि सेव्ह वेगवेगळ्या स्लॉटमध्ये ठेव, पीसीवर ह्याचे बग फार वाईट आहेत. २००५ च्या टू थ्रोन्समध्ये फराह आहे, जुना आवाजपण आहे, आणि रागीट प्रिन्स वेगळा काढून त्याच्याच डोक्यात बसवलाय, डार्क प्रिन्स म्हणून. गेम काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीनं दोन्ही गटांचं ऐकलं असं मला वाटतं.

सातरस्ता_गेमर:
बागेपर्यंत अजून पोचलोच नाही. लाईफ अपग्रेड एक घेतलंय, दुसरं भिंतीमागं आहे असं वाटतंय पण रस्ता सापडेना. भूतकाळातून जायचं का वर्तमानातून?