किनाऱ्यावरचं 'सार्वजनिक' गोल्फ मैदान: त्यात लोकांचं नेमकं काय?

पायवाट (धागाकर्ता)

समुद्रकाठच्या पर्यटनस्थळी गोल्फचं मैदान असावं का, हा वाद 'हा श्रीमंतांचा खेळ' इथून सुरू होतो आणि तिथेच अडकून पडतो. मला जरा वेगळं विचारायचं आहे. एखादं मैदान 'सार्वजनिक' आहे असं सांगतात, तेव्हा त्यात लोकांचं काय असतं? जमीन? खेळायचा हक्क? की पैसे भरून आत शिरायची मुभा तेवढी?

कॅलिफोर्नियातलं पेबल बीच घ्या. १९१९ साली सुरू झालेलं, समुद्राला अगदी खेटून असलेलं. क्लबचं सभासदत्व लागत नाही म्हणून ते सार्वजनिक मैदानांत मोजलं जातं. एका राउंडची, म्हणजे १८ होलच्या एका पूर्ण डावाची, फी ६०० डॉलरच्या वर.

आता स्कॉटलंडमधलं सेंट अँड्रूज. तेही समुद्रकाठचं गाव, तेही पर्यटकांनी गजबजलेलं. पण तिथली मैदानाची जमीन सार्वजनिक मालकीची आहे आणि कारभार १९७४ साली कायद्याने नेमलेला ट्रस्ट पाहतो. १५५२ च्या सनदेत आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी या किनारपट्टीवर गोल्फ खेळायचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केला होता. तिथल्या सर्वांत जुन्या मैदानावर, म्हणजे ओल्ड कोर्सवर, खेळायची संधी रोज सोडत काढून दिली जाते. पहिल्या आणि अठराव्या होलला (चेंडू मारायला सुरुवात करायची जागा ते खळगा, हा एक टप्पा म्हणजे होल) आडवा छेद देत एक रस्ता समुद्राकडे जातो, त्यावरून कोणीही चालतं. आणि रविवारी, मोठी स्पर्धा नसेल तर, ओल्ड कोर्सवर खेळ बंद. त्या दिवशी लोक मुलांना, कुत्र्यांना घेऊन फेअरवेवर, म्हणजे खेळायच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, फिरतात. जगातलं सगळ्यात नावाजलेलं गोल्फ मैदान आठवड्यातून एक दिवस साधी बाग होतं.

माझं मत स्पष्ट सांगतो. किनाऱ्यावर मैदान असायला माझी हरकत नाही. पण जमीन लोकांच्या मालकीची राहावी, स्थानिकांना परवडेल अशा फीत खेळता यावं आणि न खेळणाऱ्याची समुद्राकडे जायची वाट कधीही बंद होऊ नये. यातलं एक जरी नसेल, तर त्याला सार्वजनिक म्हणू नये. तुम्हाला काय वाटतं?

ओहोटी

पायवाट, तुमची तळमळ पटते, पण मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही. १८ होलच्या मैदानाला साधारण ५० ते ६० हेक्टर जागा लागते. दर दहा मिनिटांनी चौघांची एक तुकडी सोडली आणि आठ तास सोडत राहिलं, तर दिवसाला १९२ माणसं होतात. किनाऱ्यालगतची, सगळ्यात दुर्मीळ अशी एवढी जमीन १९२ माणसांसाठी! फी कितीही कमी ठेवा, हा हिशोब बदलत नाही. त्याच पट्ट्यात नुसती चालायची वाट ठेवली, तर एका सुट्टीच्या दिवशी किती जण येऊन जातील याचा विचार करा.

आणि ही जमीन रिकामी पडलेली नसते. पुळणीमागच्या वाळूच्या टेकड्या हलत्या असतात. वादळात समुद्र त्यातली वाळू ओढून नेतो, शांत ऋतूत लाटा ती परत आणतात, वारा ती पुन्हा रचतो. किनारा टिकतो तो या देवाणघेवाणीवर. मैदान बांधायचं म्हणजे ती वाळू एका जागी बांधून ठेवायची, कारण यंदाचं ग्रीन (खळग्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) पुढच्या वर्षी सरकून चालत नाही. स्कॉटलंडमध्येच ॲबर्डीनच्या उत्तरेला मेनी इथे हे झालं. तिथल्या हलत्या वाळूला शास्त्रीय महत्त्वाची जागा म्हणून संरक्षण होतं. २०१२ साली मैदान सुरू झालं आणि २०२० मध्ये तो दर्जा काढून घेण्यात आला, कारण ज्यासाठी दर्जा दिला होता तेच बऱ्याच अंशी उरलं नव्हतं. मालक खाजगी होता म्हणून हे झालं, असं म्हणू नका. नगरपालिकेने बांधलं असतं तरी वाळू तशीच थिजली असती.

तिसरा_फटका

मी गोल्फ खेळतो आणि कुठल्याही क्लबचा सभासद नाही. अशा माणसाची बाजूही इथे यायला हवी.

कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोचं टॉरी पाइन्स हे गोल्फ मैदान शहराच्या मालकीचं आहे. समुद्राच्या कड्यावर दोन १८ होलची मैदानं, १९५७ पासून. २००८ आणि २०२१ ची यूएस ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा तिथेच झाली. ज्या ग्रीनवर जगातले सर्वोत्तम खेळाडू झगडले, त्याच ग्रीनवर पुढच्या महिन्यात शहरातला एखादा बसचालक किंवा शिक्षिका खेळू शकते, आणि रहिवासी म्हणून बाहेरच्यांपेक्षा बरीच कमी फी भरते. दुसऱ्या कुठल्या खेळात हे घडतं? फुटबॉलच्या विश्वचषकाच्या मैदानावर आपल्याला कोणी उतरू देईल का?

ओहोटी, तुमचा १९२ चा हिशोब बरोबर आहे, पण तो दरडोई जागेचा हिशोब आहे. नाट्यगृह, ग्रंथालय, पोहण्याचा तलाव, सगळ्यांनाच दरडोई जागेच्या तराजूत टाकलं तर गावात वाहनतळाशिवाय काही उरणार नाही. आणि हे १९२ लोक चार-चार तास तिथे असतात. अनेक जण सत्तरीतले. या वयात उघड्या वाऱ्यावर दहा किलोमीटर चालवणारा दुसरा खेळ मला दाखवा.

गवतकाडी

माझं काम मैदानांच्या देखभालीचं, म्हणून गवताबद्दल बोलतो. दोन्ही बाजूंनी 'गोल्फ मैदान' म्हणजे गालिच्यासारखी हिरवळ असं धरलेलं दिसतं. ज्याला लिंक्स म्हणतात ते किनाऱ्यावरचं मूळ मैदान तसं नव्हतंच. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधला वाळूचा नापीक पट्टा, त्यावर उगवणारं बारीक फेस्क्यू गवत, आणि ते कुरतडणारे ससे-मेंढ्या. खड्डे वाऱ्याने आणि जनावरांनी केलेले, त्यांनाच पुढे बंकर म्हणू लागले. हे गवत कोरड्या उन्हाळ्यात पिवळं, तपकिरी पडतं. मरत नाही, झोपी जातं. पाऊस आला की उठतं. चेंडू त्यावर लांबवर घरंगळतो, म्हणून खेळही जमिनीलगतचा असतो.

अडचण कुठे येते? पर्यटकाने टीव्हीवर गर्द हिरवं मैदान पाहिलेलं असतं आणि त्याला तेच हवं असतं. मग पाणी वाढतं, खत वाढतं, बुरशी येते, बुरशीनाशक येतं. मी हे चक्र जवळून पाहिलं आहे. एका मैदानावर (नाव नको) दोन आठवडे पाणी कमी केलं, गवत जरा पिवळसर झालं, तर व्यवस्थापनाने आम्हालाच धारेवर धरलं. गवत ठणठणीत होतं! तपकिरी रंग सहन करायची तयारी असेल, तर किनाऱ्यावरचं मैदान फार कमी पाण्यात चालतं. उष्ण प्रदेशात फेस्क्यू टिकत नाही, तिथे पॅस्पलम नावाचं खारं पाणी सोसणारं गवत आहे. मचूळ पाण्यावरही ते जगतं. म्हणून माझं मत पायवाट यांच्या बाजूचं, फक्त एक अट वाढवून: हिरवेपणाचा हट्ट नको.

गोडं_पाणी

पाण्याचा विषय निघालाच आहे तर तो पूर्ण करू. वाळूच्या किनाऱ्याखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर भूजलाची पातळी जितकी, त्याच्या सुमारे ४० पट खोलीपर्यंत गोडं पाणी. म्हणजे उपसा करून ही पातळी एक मीटरने उतरवली, तर खालचं खारं पाणी कालांतराने ४० मीटर वर चढू शकतं. एकदा विहिरी खारावल्या की पुन्हा गोड व्हायला वर्षानुवर्षं जातात. मैदानाचा पंप आणि गावाची विहीर एकाच थरातून पाणी ओढत असतील, तर मैदान कोणाच्या मालकीचं या चर्चेने विहिरीला काय फरक पडतो?

उपाय आहे, तो म्हणजे प्रक्रिया केलेलं सांडपाणी. ज्या पेबल बीचवर वर टीका झाली, तिथल्या परिसरातल्या मैदानांनी १९९४ पासून हा मार्ग धरला. पहिली काही वर्षं त्या पाण्यातल्या क्षारांनी हिरवळ त्रासली, मग क्षार काढायची यंत्रणा बसवावी लागली. म्हणजे हे जमतं, पण खर्चिक आहे. इथेच मला पायवाट यांच्या मांडणीत पेच दिसतो. स्थानिकांसाठी फी कमी हवी, आणि पाणी मात्र महागडं वापरायचं. मधली रक्कम कोण भरणार?

तिसरा_फटका

बाहेरून येणारा पर्यटक भरणार. टॉरी पाइन्समध्ये बाहेरच्यांकडून जास्त घेतात ते त्यासाठीच. पर्यटनस्थळाला हा फायदा आहे, आतल्या प्रदेशातल्या लहान शहराला तो नसतो.

शिडाची_होडी

पर्यटक भरेल, हे बरोबर. पण तो येईनासा झाला की? दक्षिण कॅरोलिनातलं मर्टल बीच हे या धाग्यासाठी सगळ्यात नेमकं उदाहरण आहे आणि अजून कोणीच काढलं नाही. १९२७ साली तिथे पहिलं मैदान झालं. पुढे हॉटेल आणि गोल्फ एकत्र विकायची पद्धत बसली आणि मैदानांची संख्या शंभराच्या वर गेली. बहुतेक सगळी पैसे भरून कोणालाही खुली. स्पर्धा इतकी की सामान्य माणसाला परवडू लागलं. हे मी मनापासून चांगलं मानतो. मग मागणी घटली, जमिनीचे भाव चढले आणि एकामागून एक मैदानं बंद होऊन तिथे घरं उभी राहिली. प्रवेश सार्वजनिक होता, मालकी नव्हती. मालकाने विकलं, विषय संपला.

त्यामुळे पायवाट यांची पहिली अट, जमीन लोकांची, मला सर्वांत मोलाची वाटते. पण तीही पोलादी नाही. सेंट अँड्रूजच्या नगराने कर्जापायी १७९७ साली हीच जमीन विकली होती. ती सशांची पैदास करणाऱ्यांच्या हाती गेली आणि गोल्फवाल्यांशी वर्षानुवर्षं भांडणं चालली. नगराला ती परत मिळाली १८९४ मध्ये, संसदेच्या कायद्याने. जवळपास शंभर वर्षं!

ओहोटी

या चर्चेतून मी एक गोष्ट मान्य करतो: गवतकाडी म्हणतात तसं तपकिरी, कमी पाण्याचं, जुनं मैदान आहे तिथे राहू द्यावं. ते मोडून वाळू परत हलती होणार नाही.

पण नवीन मैदानाबद्दल माझा विरोध कायम, आणि त्याचं मुख्य कारण अजून कोणी खोडलेलं नाही. समुद्र पुढे येतो तेव्हा काय करणार? कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिका गावातलं शार्प पार्क हे मैदान बघा. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मालकीचं, १९३२ सालचं, नामवंत मैदान-रचनाकार ॲलिस्टर मॅकेंझी यांनी आखलेलं, स्वस्त, अगदी पायवाट यांना हवं तसं. समुद्राने किनाऱ्यालगतचे होल गिळले, मग बांध घातला. बांधामागे पाणी साचतं, ते पंपाने उपसावं लागतं. त्याच पाणथळीत संरक्षित लाल पायांचा बेडूक अंडी घालतो आणि एक दुर्मीळ गार्टर साप राहतो. उपशाने पाणी उतरलं की अंडी कोरडी पडतात. यावरून न्यायालयापर्यंत भांडण गेलं. आणि कुठेही असा पक्का बांध लाटांना आडवा आला की त्याच्या पुढची पुळण हळूहळू झिजते. म्हणजे खेळणाऱ्या थोड्यांची सार्वजनिक जागा वाचवायला सगळ्यांची सार्वजनिक पुळण घालवायची.

पायवाट (धागाकर्ता)

ओहोटी, शार्प पार्कचा मुद्दा मला नीट माहीत नव्हता. वाचून दोन दिवस विचार केला.

मी माझी मांडणी बदलतो. हलत्या वाळूवर नवीन मैदान नको, मालक कोणीही असो. स्कॉटलंडच्या सरकारने कूल लिंक्स या किनाऱ्याच्या वाळूवरचा गोल्फ मैदानाचा प्रस्ताव २०२० मध्ये नाकारला, तो निर्णय मला आता योग्य वाटतो. नवीन बांधायचंच असेल तर आधीच वापरलेल्या जमिनीवर. टॉरी पाइन्सची जागा दुसऱ्या महायुद्धात लष्करी प्रशिक्षणाचा तळ होती, तसं काहीतरी.

पण चालणाऱ्याच्या हक्काबद्दल मागे हटणार नाही. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्याने कोणालाही गोल्फ मैदान ओलांडून जाता येतं. ग्रीन तुडवायचं नाही आणि खेळात अडथळा आणायचा नाही, एवढंच. चालणाऱ्याचा हा हक्क मोठ्या फीच्या खाजगी मैदानांनाही लागू आहे आणि तरी त्यांचं काही बिघडलेलं नाही. ज्या देशांत हा हक्क नाही तिथल्या किनाऱ्यांवर आधी तो यावा. मैदान कोणाचं, ही चर्चा त्यानंतर.

गवतकाडी

समुद्र पुढे आला तर काय, यावर एक व्यवहारी उत्तर: बांध न घालता होल मागे सरकवायचे. आतल्या बाजूला तेवढी मोकळी जमीन सुरुवातीपासून राखून ठेवायची. आमच्या कामात ग्रीन हलवणं नवीन नाही, एका हंगामात होतं.

ओहोटी

मागे सरकायची जमीन राखून ठेवणार असाल आणि बांध घालणार नाही हे परवान्यातच लिहून देणार असाल, तर माझा अर्धा विरोध तिथे संपतो. उरलेला अर्धा गोडं_पाणी यांच्या विहिरीचा. तिथे पंप लावायच्या आधी निदान दोन वर्षं विहिरींचा खारेपणा मोजून गावासमोर ठेवा, मग बोलू.