सोलापूरहून विशाखापट्टणम : वयस्कर आई-वडिलांसह जायचे आहे, आखणीसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आई-वडिलांना घेऊन विशाखापट्टणमला जाण्याचा विचार आहे. आपल्याकडे समुद्र म्हटला की गणपतीपुळे नाहीतर गोवा ठरलेला असतो. पण वडिलांचा आग्रह विशाखापट्टणमचाच आहे आणि त्यामागे कारण आहे ते तिथल्या बंदराचे. वालचंद हिराचंद जन्माने सोलापूरचे. त्यांच्या सिंधिया कंपनीच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते विशाखापट्टणमला झाली, पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानी विमानांनी त्या शहरावर बाँब टाकले, आणि तरीही १९४८ साली ‘जलउषा’ हे जहाज तेथून पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. समुद्रापासून इतक्या दूरच्या, कापडगिरण्यांच्या गावात जन्मलेल्या माणसाने जहाजे बांधायला घ्यावीत याचे वडिलांना आजही अप्रूप आहे, आणि तो कारखाना एकदा तरी डोळ्यांनी पाहावा असे त्यांच्या मनात आहे. आज तो हिंदुस्थान शिपयार्ड या नावाने सरकारी मालकीचा आहे.

आईची इच्छा वेगळी. तिला सिंहाचलमच्या नरसिंहाचे दर्शन घ्यायचे आहे आणि अराकूच्या डोंगरातून जाणाऱ्या रेल्वेत बसायचे आहे. तिचे गुडघे दुखतात; सपाट रस्त्यावर ती बेताने चालते, पण पायऱ्या उतरणे तिला जड जाते.

गाड्यांची माहिती काढली आहे. कोणार्क एक्सप्रेस रात्री सोलापूर सोडते आणि दुसऱ्या दिवशी दिवस मावळल्यावर पोहोचवते. लोकमान्य टिळक टर्मिनसहून येणारी विशाखापट्टणम एक्सप्रेस दुपारी मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवते. हजारेक किलोमीटरचा प्रवास आहे, तेव्हा ज्येष्ठांच्या दृष्टीने यातली कोणती सोयीची? शिपयार्ड बाहेरून का होईना, नीट कोठून दिसते? बोर्रा गुहा आईला झेपतील का? आणि मुक्काम स्टेशनजवळ करावा की समुद्राजवळ? रजा आठवडाभराचीच आहे, त्यामुळे सगळे कोंबण्यापेक्षा काय गाळावे हे कोणी सांगितले तर अधिक उपयोग होईल.

प्रतिसाद १

मी मूळचा सोलापूरचाच. नोकरीनिमित्त काही वर्षे विशाखापट्टणमला राहिलो आहे. सर्वांत आधी तारखांचे बोलतो, कारण आपण नुसते ‘जानेवारी’ लिहिले आहे. संक्रांत हा आंध्रातला सर्वांत मोठा सण. त्या आठवड्यात हैदराबाद-सिकंदराबादेतले लोक किनारपट्टीच्या गावांकडे लोटतात आणि आपल्या दोन्ही गाड्या त्याच मार्गाने जातात. सोलापूरकर एरवीही संक्रांतीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा सोडून बाहेर पडत नाही, तेव्हा नंदीध्वजांची मिरवणूक पाहून अखेरच्या आठवड्यात निघा. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस तिकिटे हातात हवीत. हवेच्या दृष्टीनेही हेच दिवस चांगले. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तिकडे वादळांचा काळ असतो. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी आलेल्या हुडहुडने त्या शहराची केलेली दशा तिथले लोक अजून सांगतात.

जाताना कोणार्क घ्या. राजमहेंद्रीजवळचा गोदावरीचा पूल दिवसाउजेडी लागतो आणि नाशिक-पैठणची गोदावरी तेथे केवढी होते हे पाहण्यासारखे आहे. रात्री उतरून थेट खोलीवर जाऊन झोपता येते. दुसऱ्या गाडीने सकाळी उतरलात, तर खोली मिळेपर्यंत आई-वडिलांना सामानासह ताटकळावे लागेल.

शिपयार्डविषयी स्पष्टच सांगतो : ते संरक्षण खात्याच्या अखत्यारीत आहे, पर्यटकाला आत सहजी जाता येत नाही आणि त्या सगळ्या पट्ट्यात नौदलाचा वावर असल्यामुळे छायाचित्रे काढताना जपावे लागते. पण वडिलांनी निराश होऊ नये. जुन्या गावात बंदराच्या तोंडाशी रॉस हिल नावाची टेकडी आहे. तिच्यावर चर्च आहे, शेजारच्या टेकड्यांवर दर्गा आणि व्यंकटेश्वराचे देऊळ. तेथे उभे राहिले की समोर डॉल्फिन्स नोजचा डोंगर आणि मधून आतल्या बंदरात शिरणारी पाण्याची अरुंद वाट दिसते. एखादे मालवाहू जहाज टगबोटींच्या साथीने त्या वाटेने आत येऊ लागले की ते डोंगरालाच घासते की काय असे वाटते. गती इतकी धीमी असते की डेकवरची माणसे सावकाश न्याहाळता येतात. हातात तासभर मोकळा ठेवून जा, जहाज आले नाही तर वाट पाहा. नंतर रिक्षा करून सिंधिया भागातून एक फेरी मारा. कंपनी कधीच इतिहासजमा झाली, पण त्या वस्तीला आजही सिंधियाच म्हणतात. पाटीवरचे ते नाव वडिलांना नक्की आवडेल.

रामकृष्ण बीचवरची कुरसुरा पाणबुडी चुकवू नका. १९६९ साली नौदलात आलेली ही सोव्हिएत बनावटीची पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी वाळूवर आणून तिचे संग्रहालय केले. आत निवृत्त नौसैनिक माहिती देतात. मात्र एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना गोल दारातून वाकून, पाय उचलून पलीकडे टाकावा लागतो आणि मागून लोक येतच असतात. आईंना बाहेरच बसवावे. त्या किनाऱ्यावर पाण्यात मात्र कोणीही उतरू नये, कारण लाट परतताना जबरदस्त ओढ असते. पाय भिजवायचे असतील तर उत्तरेला ऋषिकोंडा बरा.

अराकूला जाताना सकाळची किरंदुल पॅसेंजर घ्या. बैलाडिलाचे लोहखनिज बंदरापर्यंत आणण्यासाठी साठच्या दशकात टाकलेला हा मार्ग बोगद्यांतून वर चढतो; आईंची हौस त्यातच फिटेल. परतताना गाडी भाड्याने करून घाटाने या. बोर्रा गुहा वाटेत लागतात, पण खाली बऱ्याच पायऱ्या आहेत. माझे मत विचाराल तर त्याच गाळा. मुक्काम समुद्राजवळ ठेवा. संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांना चार पावले चालून बाकावर बसता आले पाहिजे, आणि सूर्य तिकडे समुद्रातून उगवतो, तो पहाटे खोलीतूनच दिसला तर आणखी काय हवे.

प्रतिसाद २

सिंहाचलमविषयी एक भर. तेथील मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाने झाकलेली असते आणि निजरूप दर्शन फक्त अक्षय्य तृतीयेला होते. आईंना हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे गाभाऱ्यासमोर हिरमोड होणार नाही. देऊळ डोंगरावर असले तरी वरपर्यंत वाहन जाते. भाषेची काळजी नको. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या तेलुगूभाषक पद्मशाली शेजाऱ्याकडून चार वाक्ये शिकून घ्या. जेवण तिखट असते, ते आपल्याला नवे नाही. आईंना सोसत नसेल तर सकाळी मुगाचा पेसरट्टू मागवावा. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी गाडीत लागेलच.

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. गड्ड्यानंतरच्या कोणार्कचे आरक्षण खिडकी उघडताच करतो, परतीला दुसरी गाडी घेतो. बोर्रा गाळण्याला आईची हरकत नाही. ‘निजरूप नाही तर नाही, चंदनातलाच देव पाहू’ असे ती म्हणाली. वडिलांनी मात्र रॉस हिलसाठी तासभर पुरणार नाही, अख्खी सकाळ हवी असे बजावले आहे. त्या टेकडीवर सावलीत बसण्याची सोय आहे का, आणि रिक्षा चर्चपर्यंत वर जाते की खालूनच चढावे लागते, एवढे सांगितलेत तर त्या दिवसाचेही पक्के ठरवता येईल.