ऑफिसच्या सर्व्हरवरचं खाजगी फोल्डर मालकाने उघडावं का?

हिशेबनीस (धागाकर्ता)

आमचं पुण्यातलं सीए ऑफिस. तीन भागीदार, पंधरा-सोळा माणसं, त्यात निम्मे आर्टिकल्स, म्हणजे सीए होण्यासाठी उमेदवारी करणारी मुलं. एकच विंडोज सर्व्हर. त्यावर टॅली, क्लायंटवार फोल्डर आणि प्रत्येकाच्या नावाचं एक खाजगी फोल्डर, जे लॉगिन केलं की एच ड्राइव्ह म्हणून दिसतं. सर्व्हरची देखभाल बाहेरचा माणूस करतो. ॲडमिनचा, म्हणजे सर्व्हरवर सगळे हक्क असलेल्या खात्याचा, पासवर्ड त्याच्याकडे, माझ्याकडे आणि थोरल्या भागीदारांकडे.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, टॅक्स ऑडिटच्या ऐन धामधुमीत, एक सिनियर सहकारी आजारी पडली. एका क्लायंटची वर्किंग फाइल तिच्या खाजगी फोल्डरमध्ये, आणि ३० तारीख डोक्यावर. थोरल्यांनी सर्व्हरवर ॲडमिन म्हणून बसून फोल्डर उघडलं आणि फाइल घेतली. परत आल्यावर तिच्या लक्षात आलं, कारण फोल्डरच्या सिक्युरिटीच्या यादीत, म्हणजे ते कुणाला उघडता येतं त्या यादीत, एक नवीन नाव दिसत होतं. ती म्हणते, "आत माझे गृहकर्जाचे कागद आणि नवऱ्याचे मेडिकल रिपोर्ट होते. एक फोन केला असता तर मीच सांगितलं असतं फाइल कुठे आहे ते." थोरले म्हणतात, "सर्व्हर माझा, क्लायंट माझा, परवानगी कुणाची मागू?"

माझं मत असं की खाजगी जागा दिली की ती ॲडमिनलाही बंद असावी. तुम्ही काय करता?

भोसरीकर

सरळच सांगतो, राग नसावा. ऑफिसच्या सर्व्हरवर जे आहे ते ऑफिसचं. माझा डाय-मोल्डचा छोटा कारखाना आहे. आमचा डिझायनर नोटीस न देता गेला, तेव्हा एका मोल्डचं दुरुस्त्या केलेलं शेवटचं ड्रॉइंग फक्त त्याच्या फोल्डरमध्ये होतं. सामायिक फोल्डरात पडलं होतं ते जुनं. ॲडमिनला वाट नसती तर आम्ही जुन्या मापाने स्टीलचा ठोकळा कापून बसलो असतो, आणि तो काही अनडू होत नाही.

घरचे कागद ठेवायला प्रत्येकाकडे मोबाइल आहे. तुमच्या थोरल्यांनी काहीच वावगं केलं नाही.

दुपारचा_चहा

भोसरीकर, तुमचा डिझायनर पळून गेला होता. ही बाई तापाने घरी होती, आणि फोन तिच्या उशाशी असणार. दोन्हीला एकच नियम कसा लावता?

मी एका छोट्या कंपनीत पगार आणि हजेरी बघते. माझ्या फोल्डरमध्ये सगळ्यांची पगारपत्रकं, फॉर्म १६ आणि एका तक्रारीचे जबाब आहेत. ते मालकांपैकी एकाच्याच विरोधात आहेत. ॲडमिनचा पासवर्ड मालकांच्या मुलाकडे. आता तुमचं "ऑफिसचं ते ऑफिसचं" इथे लावून दाखवा. मी त्या फाइलला पासवर्ड घालून ठेवलाय, कारण सर्व्हरवर विश्वास ठेवावा असं कुणी मला काही करून दाखवलेलं नाही.

परवानगीवाला

असे छोटे सर्व्हर सांभाळणं हेच माझं काम आहे, म्हणून आधी तांत्रिक बाजू.

यादीत नाव आलं कसं? आपल्याला हक्क नसलेलं फोल्डर ॲडमिनने सर्व्हरवर एक्सप्लोररमधून उघडलं की विंडोज विचारतं, तुम्हाला परवानगी नाही, कंटिन्यू दाबलंत तर कायमची मिळेल. 'कायमची' हा शब्द त्या खिडकीत चक्क लिहिलेला असतो, पण तो वाचतो कोण? कंटिन्यू दाबलं की त्या लॉगिनचं नाव फोल्डरच्या यादीत जाऊन बसतं आणि काम झाल्यावर आपोआप निघत नाही. जुन्या सर्व्हरवर मी अशी फोल्डरं बघतो की ज्यांच्या यादीत केव्हाच सोडून गेलेल्या तीन-तीन इंजिनियरांची नावं आहेत.

दुसरी गोष्ट. शेअरची (नेटवर्कवर फोल्डर वाटून देतानाची) परमिशन वेगळी आणि एनटीएफएसची (डिस्कवरच्या फाइल-फोल्डरांची) वेगळी. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतली जी कडक ती लागू होते. सर्व्हरसमोर बसलेल्याला शेअरची लागूच होत नाही. शेअरच्या नावापुढे डॉलरचं चिन्ह लावलं की ते नेटवर्कवर ब्राउझ करताना दिसत नाही, एवढंच. ते कुलूप नव्हे.

मी मांडणी करतो ती अशी: वरच्या फोल्डरचं इनहेरिटन्स तोडायचं, म्हणजे त्याच्याही वरून आपोआप उतरणाऱ्या परमिशन थांबवायच्या. आतल्या प्रत्येक फोल्डरवर फक्त त्या माणसाला मॉडिफाय (वाचणं, बदलणं, पुसणं) आणि सिस्टिमला, म्हणजे खुद्द विंडोजला, फुल कंट्रोल (शिवाय परमिशन बदलणंही). माणसाला फुल कंट्रोल द्यायचा नाही, नाहीतर तो स्वतःच परमिशन बदलत बसतो आणि मग दुसऱ्या दिवशी आपल्याला फोन. फाइल ज्याने बनवली तो तिचा ओनर, म्हणून मॉडिफायवरही त्याला परमिशन बदलता येतात. ते थांबवायला शेअरवर फुल कंट्रोलऐवजी चेंज ठेवायचं. ॲक्सेस-बेस्ड एन्युमरेशन चालू केलं की इतरांची फोल्डरं दिसतच नाहीत, निम्म्या चौकशा तिथेच संपतात.

आणि ॲडमिनचा गट, म्हणजे सगळी ॲडमिन खाती? मी तो यादीतून काढतो. बॅकअप अडत नाही, कारण बॅकअपच्या खात्याला बॅकअप ऑपरेटरचा हक्क असतो आणि तो परमिशनच्या यादीला बगल देऊन वाचतो. तेव्हा हिशेबनीसांशी मी सहमत.

लिनक्सकाका

परवानगीवाले, सगळं बरोबर, निष्कर्ष मात्र पोकळ. ॲडमिनला यादीतून काढलंत म्हणजे काय झालं? टेकओनची (मालकी स्वतःकडे घेण्याची) एक कमांड आणि फोल्डर त्याचं. तेवढंही नको, रोबोकॉपी (विंडोजचीच कॉपी करायची कमांड) बॅकअप मोडमध्ये चालवा, कंटिन्यूची खिडकी येणार नाही आणि यादीतही काही उमटणार नाही. तुम्हीच सांगितलेली बगल तुमच्याच विरुद्ध जाते.

आमच्याकडे सांबा आहे, म्हणजे लिनक्सवरचा फाइल सर्व्हर. होम्सचा विभाग, प्रत्येकाला आपापलं, डिरेक्टरी मास्क ०७००, म्हणजे ज्याचं त्याच्याशिवाय कुणालाच हक्क नाही. छान दिसतं. पण रूटला, म्हणजे लिनक्सच्या ॲडमिनला, ०७०० म्हणजे काय? काही नाही. ज्याच्या हातात मशीन, त्याच्या हातात डेटा. लोकांना "तुमचं फोल्डर ॲडमिनलाही बंद आहे" असं सांगणं ही शुद्ध थाप आहे, आणि त्या थापेवर विसंबून माणसं मेडिकल रिपोर्ट तिथे ठेवतात. त्यापेक्षा उघड सांगा की बाबांनो, ॲडमिनला सगळं दिसतं.

खरंच बंद हवं असेल तर एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाही अशी फाइल. मात्र विंडोजचं ईएफएस (फाइल एन्क्रिप्ट करायची सोय) रिकव्हरी एजंट (अडचणीत फाइल उघडू शकणारं राखीव खातं) न नेमता चालू करू नका. माणसाचं प्रोफाइल उडालं आणि सर्टिफिकेटची (म्हणजे त्या किल्लीची) प्रत कुठेच नसली की ती फाइल मालकाला नाही, ॲडमिनला नाही, आणि ज्याची होती त्यालाही नाही.

परवानगीवाला

काका, टेकओन करता येतं हे मला ठाऊक आहे. ते करावं लागतं, आणि केल्यावर ओनर बदललेला दिसतो, हाच माझा मुद्दा. गट यादीत असला तर थोरले दुपारच्या रिकाम्या वेळात दहा फोल्डरं चाळून येतील आणि कुणाला कळणार नाही. या बाईंना कळलं ते केवळ गट यादीत नव्हता म्हणून.

रोबोकॉपीचं म्हणाल तर ऑडिटिंग (कोण काय उघडतं त्याची नोंद) चालू करा. दोन ठिकाणी करावं लागतं, नुसत्या पॉलिसीत करून भागत नाही: पॉलिसीत फाइल सिस्टिमचं ऑडिट, आणि शिवाय त्या फोल्डरच्या ऑडिटिंग टॅबमध्ये कुणाच्या कुठल्या कृतीची नोंद हवी ते. मग सिक्युरिटी लॉगमध्ये वाचल्याचा नोंद-क्रमांक ४६६३ आणि परमिशन बदलल्याचा ४६७० दिसतो. लॉग पुसला तर पुसल्याचीही नोंद पडते, ११०२.

लिनक्सकाका

आणि तो लॉग वाचणार कोण? तोच ॲडमिन!

शिवाय बॅकअपची हार्ड डिस्क. ती कुणाच्या बॅगेत घरी जाते? दुसऱ्या मशीनला लावा, तिथले ॲडमिन व्हा, वाचा. ४६६३ तुमच्या सर्व्हरवर उमटणारच नाही.

वकिली_चष्मा

इथे कुणीतरी प्रायव्हसीच्या २०१७ च्या निकालाकडे वळणारच, म्हणून आधीच बोलते. पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला हे खरं, पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध असतात. खाजगी ऑफिसातल्या भागीदारावर तो निकाल थेट फेकता येत नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ संगणकाच्या मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय केलेल्या प्रवेशाबद्दल आहे. इथे मालक तेच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी संमतीशिवाय डेटा वापरायची मुभा आहे. वर्किंग फाइल त्यात बसेल. नवऱ्याचे मेडिकल रिपोर्ट चाळणं त्यात बसवायला मात्र वकिलाला घाम फुटेल.

तुम्ही सगळे थोरल्यांवर भांडताय, मला तो बाहेरचा माणूस जास्त खुपतोय. सीए कायदा १९४९, दुसऱ्या अनुसूचीचा पहिला भाग, पहिलंच कलम: कामाच्या ओघात मिळालेली क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय किंवा कायद्याने मागितल्याशिवाय दुसऱ्याला देणं हे गैरवर्तन. आणि तुमच्या सगळ्या क्लायंटांची सगळी फोल्डरं उघडणारा पासवर्ड देखभालवाल्याच्या खिशात. त्याच्याशी गोपनीयतेचा करार आहे का?

भोसरीकर

वकीलबाई, म्हणजे मालकाला हक्क आहे हे तुम्हीही मान्य केलंत. मग ४६६३ आणि ११०२ हवेत कशाला? माझ्याकडे बारा माणसं. मी लॉग वाचत बसू की माल पाठवू? खाजगी फोल्डर हा प्रकारच बंद करा. सगळं जॉबवार सामायिक फोल्डरात. कामाची फाइल तिथे नसेल तर काम झालंच नाही असं धरायचं.

दुपारचा_चहा

जबाब पण सामायिक फोल्डरातच ठेवू का?

भोसरीकर

ते तुमचं वेगळं. त्याला कपाट आहे.

दुपारचा_चहा

कपाटाची दुसरी किल्ली मालकांच्याच मुलाकडे आहे.

हिशेबनीस (धागाकर्ता)

बरीच भर पडली. माझं मूळ मत मी थोडं बदलतोय, पण भोसरीकरांच्या बाजूला नाही.

काकांचं पटलं की ॲडमिनला पूर्ण बंद असं काही नसतं, आणि लोकांना तसं सांगणंही गैर. परवानगीवाल्यांचं पटलं की यादीत गट नसणं कामाचं आहे, कारण उघडणं ठळकपणे कळतं. थोरल्यांशी बोललो. त्यांचा सूर अजून "माझा सर्व्हर" हाच आहे, पण देखभालवाल्याचा मुद्दा ऐकल्यावर जरा गप्प झाले. करार नाही आमच्याकडे.

एवढ्यावर ते तयार आहेत: कुणाचं खाजगी फोल्डर उघडायचं तर आधी त्या माणसाला फोन. फोन लागला नाही तर दोन भागीदारांनी मिळून उघडायचं, हवी ती फाइल घ्यायची, त्या माणसाला त्याच दिवशी मेल, आणि यादीतलं नाव लगेच काढायचं. देखभालवाल्याला स्वतःचं वेगळं खातं, क्लायंटच्या फोल्डरांवर हक्क नाही. मुख्य ॲडमिनचा पासवर्ड बदलून बंद पाकिटात.

भोसरीकरांची एक गोष्ट उचलतोय: क्लायंटची फाइल संध्याकाळी क्लायंटच्या फोल्डरात गेलीच पाहिजे. यात एक अडचण आली. थोरल्यांनी तिची ती फाइल सर्व्हरवरच कट-पेस्ट करून क्लायंटच्या फोल्डरात टाकली होती, आणि आर्टिकलला ती उघडेचना.

परवानगीवाला

एकाच ड्राइव्हवर कट-पेस्ट केली की बऱ्याचदा फाइल जुन्या जागेच्या परमिशन बरोबर घेऊन येते. कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या घेते. म्हणून कॉपी करा आणि मूळ पुसा. आत्ताची फाइल सुधारायला ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन इनहेरिटन्स चालू करा आणि जुन्या नोंदी काढा.

देखभालवाल्याच्या वेगळ्या खात्याबद्दल: ते ॲडमिनच्या गटात असेल तर हक्क काढून फारसं साधत नाही, काका लगेच म्हणतील तेच. सर्व्हरवर त्याला नेमकं काय करायला लागतं त्याची यादी मागा. अपडेट, प्रिंटर, टॅलीचं लायसन्स आणि बॅकअप झाला की नाही बघणं, सहसा एवढंच निघतं. जिथे ॲडमिन लागेलच तिथे तुम्ही शेजारी बसून पासवर्ड टाका.

लिनक्सकाका

म्हणणारच होतो. आणि बॅकअपच्या डिस्कला बिटलॉकर (पूर्ण डिस्कचं एन्क्रिप्शन), रिकव्हरी की त्याच पाकिटात. पाकीट मात्र सर्व्हरच्या खोलीत ठेवू नका.