‘टू’ नंतर नेहमी मूळ क्रियापदच?

इंग्रजी ‘टू’ (to) बद्दल ‘टू आलं की पुढे क्रियापदाचं मूळ रूप, आयएनजी (-ing) कधीच नाही’ असा नियम सांगितला जातो, तो अर्धाच खरा आहे. इंग्रजीत ‘टू’ दोन प्रकारचे. ‘आय वॉन्ट टू गो’ मधला टू क्रियापदाला चिकटलेला असतो. ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ मधला मात्र शब्दयोगी अव्यय आहे, आणि त्याला पुढे नाम किंवा नामाचं काम करणारं जेरंड (क्रियापदाचं आयएनजी लावलेलं रूप) लागतं. नोकरीच्या अर्जात शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ लिहिलं जातं ते याच गोंधळातून. ‘हिअरिंग’ हवं.

ओळखायचं कसं? क्रियापद काढून तिथे ‘दॅट’ ठेवून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू दॅट’ चालतं, ‘ऑब्जेक्ट टू दॅट’ चालतं, म्हणून पुढे आयएनजी. ‘वॉन्ट टू दॅट’, ‘होप टू दॅट’ चालत नाही, म्हणून मूळ रूप. बऱ्याच चुका ‘यूज्ड टू’ मध्ये होतात. ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’ म्हणजे पूर्वी लवकर उठायचो (आता नाही), आणि ‘आय अ‍ॅम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ म्हणजे लवकर उठायची सवय आहे. आधी ‘अ‍ॅम, इज, आर’ आहे का एवढं पाहिलं तरी निम्मं काम होतं. ‘प्रिफर वॉकिंग टू ड्रायव्हिंग’ मधला टूसुद्धा अव्ययच.

ही कसोटी ‘अ‍ॅग्री’ला मात्र फसते: ‘अ‍ॅग्री टू दॅट’ बरोबर, तरी ‘अ‍ॅग्री टू गो’च म्हणतात. ‘कन्सेंट’चंही तसंच. हे दोन सरळ पाठच करावेत.