मदत हवी आहे: ‘बँक’ हा एक शब्द की अनेक?

नमस्कार मंडळी. मी मुलांसाठी इंग्रजी शब्दांच्या जन्मकथांची एक छोटी वही तयार करतेय. त्यात ‘बँक’पाशी अडकले आहे.

पैशांची बँक इटालियन ‘बांका’वरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आली. बांका म्हणजे बाक किंवा मेज. सराफ ज्यावर नाणी मोजायचे, तेच. ‘बँकरप्ट’चं मूळही तिथलंच, ‘बांका रोत्ता’, मोडलेला बाक! हे कळलं तेव्हा मी अक्षरशः हरखून गेले. ‘नदीचा काठ’ या अर्थाची बँक मात्र स्कँडिनेव्हियन भाषांकडून आली आणि इंग्रजीत ती पैशांच्या बँकेपेक्षा बरीच जुनी आहे, १२००च्या आसपासची. विमान वळताना कलतं त्यालाही बँक म्हणतात, ते काठाच्या उतारावरून.

गंमत पुढे आहे. इटालियन बांका मुळात जर्मानिक (इंग्रजी, जर्मन ज्यात येतात त्या भाषाकुळातला) शब्द, ‘बेंच’चा भाऊबंद. काठाची बँकही त्याच घराण्यातली. म्हणजे एकाच घरातून निघालेल्या दोन वाटा इंग्रजीत पुन्हा भेटल्या.

मग वहीत नोंद एक करू की दोन? मला दोनच बऱ्या वाटतात, कारण मुलांना आधी अर्थ कळायला हवा, नातं नंतर सांगता येईल. शब्दकोशाचं काम केलेल्यांनी कृपया मत द्यावं. शिवाय आपला ‘बाक’ही याच कुळातला का, पोर्तुगीजमार्गे आलेला? भरवशाचा आधार कुणाकडे असेल तर जरूर कळवा. आणि विमानाच्या त्या कलण्याला मराठीत नेमका शब्द कोणता वापराल?